चालकाचे कान

वाहन चालविणे हे डोळ्यांचे काम, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. परवाना काढावयास जाणाऱ्याची दृष्टी तपासली जाते, चष्म्याचा नंबर विचारला जातो, लाल-हिरवा रंग ओळखता येतो की नाही हे पाहिले जाते. चाळिशी ओलांडलेल्या अर्जदाराला जो वैद्यकीय दाखला जोडावा लागतो, त्यात कानांविषयीही एक प्रश्न छापलेला असतो. नेहमीचे ध्वनिसंकेत ऐकू येऊ नयेत इतपत बहिरेपणा अर्जदारास आहे काय, अशा आशयाचा तो प्रश्न. आमच्या पाहण्यातले दाखले मात्र या ओळीपाशी क्षणभरही थबकलेले नाहीत. 'नाही' असे लिहिले जाते, शिक्का उठतो, कागद पुढे सरकतो. डोळ्यांचा मान मोठा खरा. परंतु आमच्या घरात गेली दोन वर्षे या विषयावरून जे काही चालले आहे ते पाहता, कानांविषयीही कोणीतरी चार शब्द लिहावयास हवेत असे आम्हांस वाटू लागले आहे.

प्रथम आमच्या रस्त्यांविषयी. वसईत नंदाखाल, आगाशी, निर्मळ, गिरीज या पट्ट्यातले जुने रस्ते पाहिले की ते कोणा अभियंत्याने आखले असतील असे वाटत नाही. वाड्यांच्या कडेकडेने, बावखलांना वळसे घालीत ते आपले आपणच पडले असावेत. एका बाजूस केळीची बाग, दुसऱ्या बाजूस कोणाच्या तरी वाडीची भिंत आणि मधून एकाएकी काटकोनात वळणारा अरुंद रस्ता. अशा वळणापाशी डोळ्याने काय करावे? त्याला केळीची पाने तेवढी दिसतात. पलीकडून येणारे वाहन आधी कानालाच कळते. आमच्या लहानपणी ते बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांवरून आणि टांग्याच्या घोड्याच्या टापांवरून कळे; पुढे रिक्षाच्या फटफटीवरून, एस.टी.च्या घरघरीवरून कळू लागले. जाणता चालक वळणाआधी वेग कमी करतो, एकवार हॉर्न देतो आणि पलीकडून उत्तर येते काय हे ऐकतो. घाटातल्या पाट्यांवर 'हॉर्न वाजवा' एवढेच लिहिलेले असते. 'आणि ऐका' हे लिहावयाचे राहून गेले आहे.

डोळे समोरचेच पाहतात. मागचे पाहावयाचे तर आरसा हवा, आणि आरशातही न दिसणारा एक कोपरा उरतोच. कानाचे तसे नाही. तो चहूबाजूंनी ऐकतो, अंधारात ऐकतो, धुक्यात ऐकतो, आणि त्याला पापणी नसल्यामुळे तो मिटता येत नाही. उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानात आधी पोहोचतो, डाव्या कानात किंचित उशिरा. हा उशीर सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो. शिवाय मस्तक मध्ये आडवे येत असल्यामुळे पलीकडच्या कानाला तीक्ष्ण आवाज थोडे मंद होऊन मिळतात. या दोन फरकांवरून मेंदू दिशा ठरवितो, हे लॉर्ड रॅले या इंग्रज शास्त्रज्ञाने १९०७ साली मांडले. म्हणजे आवाज ऐकावयास एक कान पुरतो, पण तो कोठून आला हे कळावयास दोन लागतात. आणखी एक गोष्ट. दिव्याची खूण दिसताच बोट दाबणे आणि आवाजाची खूण होताच बोट दाबणे, यांत माणसाला दुसरे थोडे लवकर जमते. फरक सेकंदाच्या पंचविसाव्या भागाच्या आसपास. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी तेवढ्या अवधीत दोन फूट पुढे सरकते. दोन फूट म्हणजे रस्ता ओलांडणाऱ्या माणसाचे एक पाऊल.

आता आमच्या घरची गोष्ट. आमचे थोरले बंधू, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, ते आज एकाहत्तर वर्षांचे आहेत. त्यांपैकी सत्तावीस वर्षे त्यांनी भाजीचा टेम्पो चालविला. मध्यरात्र उलटली की निघावयाचे, महामार्गाने वर्सोव्याचा पूल ओलांडून पहाटेपूर्वी दादरच्या बाजारात माल उतरवावयाचा आणि सकाळी नवाच्या आत परत. समोर संत क्रिस्तोफरचे चित्र, बाजूला क्लीनर, उजवीकडची काच बारा महिने उघडी. गिअर बदलण्यासाठी त्यांनी वेगाच्या काट्याकडे पाहिल्याचे आम्हांस आठवत नाही. इंजिनाचा आवाज जड झाला की खालचा गिअर, मोकळा झाला की वरचा. थंडीच्या दिवसांत गाडी सुरू करताच चिर्रर्र झाले तर फॅनबेल्ट सैल झाला. वेगाबरोबर वाढत जाणारी घूंघूं ऐकू आली तर चाकाचे बेअरिंग गेले. टायरातली हवा उतरली तर रस्त्याचा आवाजच निराळा येऊ लागतो. पावसात चाकाखालच्या पाण्याच्या आवाजावरून रस्ता किती निसरडा आहे याचा ते अंदाज घेत. आम्हांला शेजारी बसवून ते हे सारे सांगत आणि आम्हांला त्यातले अर्धेही ऐकू येत नसे.

टेम्पो मागे घेताना क्लीनर खाली उतरून फळीवर थापा मारी. थापा चालू आहेत तोवर येऊ द्या. जोराची एकच थाप म्हणजे थांबा. एस.टी.तही हीच रीत. कंडक्टरची एक घंटी थांबण्यासाठी, दोन निघण्यासाठी. चालकाने मान न वळविता मागच्या चाळीस-पन्नास माणसांची खबर ठेवावी, ती कानाने.

दादांचे कान बिघडत चालल्याचे प्रथम कोणाच्याच ध्यानात आले नाही, याचे कारण ते बहिरे झालेच नव्हते. हाक मारली की 'ओ' देत. ट्रक आला की बाजूला होत. चर्चच्या मनोऱ्यावरची मोठी घंटा त्यांना वाडीत ऐकू येई. पण मिस्सामध्ये वेदीपाशी वाजणारी छोटी घंटी मात्र ऐकू येईनाशी झाली. शेजारचे गुडघे टेकतात म्हणून आपणही टेकावयाचे, असे त्यांचे चालले होते. "फादर हल्ली फार पुटपुटतात," ही त्यांची तक्रार. फादर पुटपुटत नव्हते. वयामुळे आणि वर्षानुवर्षांच्या गोंगाटामुळे जे श्रवण जाते ते वरच्या टोकाकडून जाते. आधी तीक्ष्ण आवाज नाहीसे होतात, जड आवाज पुष्कळ काळ टिकून राहतात. बोलण्यातले स्वर कानी पडतात, पण स, श, फ, ट यांसारखी व्यंजने गळतात. म्हणून ऐकू येते, परंतु समजत नाही. आणि माणूस दोष देतो तो बोलणाऱ्याला.

रस्त्यावर याचा अर्थ असा की डंपर ऐकू येतो आणि सायकलची घंटी ऐकू येत नाही. जो आपल्याला चिरडू शकतो तो कळतो. ज्याला आपण चिरडू शकतो तो कळत नाही.

पहिली खूण पुतण्याच्या मोटारीत मिळाली. दादा चालवीत होते, पुतण्या शेजारी होता. ब्रेक लावला की चाकाकडून बारीक किंकाळीसारखा आवाज येत होता. पुतण्याने विचारले, तर दादा म्हणाले, "कसला आवाज?" गॅरेजवाल्याने चाक उतरविले आणि ब्रेकचे पॅड संपत आल्याचे दाखविले. पुष्कळ मोटारींच्या पॅडवर पत्र्याची एक बारीक पट्टी मुद्दाम बसविलेली असते. पॅड झिजून पातळ झाले की ती चकतीला घासते आणि किंचाळते. चालकाने सावध व्हावे म्हणून केलेली ही योजना, आणि आवाज निवडला आहे तो नेमका तीक्ष्ण. जो मनुष्य एके काळी बेअरिंगची घूंघूं दुसऱ्या कोणाच्याही आधी ऐकत असे, त्याला ही किंकाळी ऐकू आली नाही.

दुसरी खूण अधिक कडू होती. संध्याकाळची वेळ. दादा स्कूटरवरून घराकडे निघालेले. चर्चच्या रस्त्यावर उजवीकडे वळताना मागून, उजव्याच अंगाने, सायकलवर एक शाळकरी मुलगा येत होता. मुलगा पडला, गुडघा फुटला, हाताला खरचटले. त्याहून काही झाले नाही याबद्दल देवाचे आभार मानावेत तेवढे थोडे. जमलेल्या लोकांसमोर तो रडत रडत सांगत होता की आपण तीन वेळा घंटी वाजविली. दादा सांगत होते की घंटी वाजलीच नाही. आयुष्यात खोटे न बोललेला मनुष्य, आणि समोर दहा-अकरा वर्षांचे पोर. दोघेही खरे बोलत होते.

त्यानंतर कानांच्या डॉक्टरांकडे जाणे झाले. बंद खोलीत कानांना यंत्र लावून त्यांनी निरनिराळे आवाज ऐकविले आणि कागदावर आलेख काढून दिला. डावीकडून सपाट निघालेली रेघ पुढे उतरणीला लागलेली. उजव्या कानाची तर कड्यावरून कोसळल्यासारखी. उघड्या काचेतून सत्तावीस वर्षे आत आलेला वारा आणि वाहनांचा कल्लोळ त्या कानाला भोवला असावा, असे डॉक्टरांचे मत पडले. आपल्याकडे वाहने उजवीकडून ओलांडून पुढे जातात. जो कान सर्वांत आवश्यक, तोच सर्वांत अधिक गेलेला.

त्या दिवसापासून स्कूटरची किल्ली वहिनींच्या कमरेला आहे. दादा म्हणतात, "एवढ्या वर्षांत एकदा दंड भरला नाही मी." ते खरेच आहे. वहिनी म्हणतात, "पोराचं डोकं फुटलं असतं तर?" तेही खरेच आहे. पुतण्या म्हणतो, मी सोडीन जेथे जावयाचे तेथे. आणि सकाळच्या मिस्सापूर्वी उठत नाही. स्कूटर गेली म्हणजे दादांची पहाटेची मिस्सा गेली, वाडीवरचा फेरा गेला, स्टेशनाजवळ जमणारे जुने सोबती गेले. हातपाय धड असलेल्या माणसाने बाजारात जाण्यासाठी मुलाचे तोंड पाहावे, हे बोलावयास सोपे आहे. पंचावन्न वर्षांपुढे परवाना पाच पाच वर्षांनीच नवा करून मिळतो. दादांच्या परवान्याची मुदत अजून शिल्लक आहे. कायद्याने त्यांना कोणी अडविलेले नाही. अडविले आहे ते वहिनींनी.

या वादात आम्हांला एका तरुणाची आठवण झाली. शेजारच्या धर्मग्रामातला हा मुलगा जन्मतः बहिरा आहे आणि मोटरसायकल चालवितो. पूर्वी अशांना परवाना मिळणे जवळजवळ अशक्यच होते. २०११ साली दिल्ली उच्च न्यायालयाने बहिऱ्या अर्जदारांना चाचणी देऊ द्यावी असा निर्णय दिला, आणि २०१६ साली केंद्रीय मंत्रालयाने खासगी वाहनांसाठी त्यांना परवाने देण्याबाबत राज्यांना कळविले. ऐकण्याला इतके महत्त्व असेल, तर ज्याला मुळीच ऐकू येत नाही त्याने वाहन चालवावेच कसे, असा प्रश्न आम्हांलाही पडला होता. आम्ही त्या मुलाला कागदावर लिहून विचारले. त्याने लिहिलेले उत्तर आम्ही जपून ठेवले आहे. त्याने लिहिले होते की वळण्यापूर्वी तो दोन्ही आरसे पाहतो आणि शिवाय मान वळवितो. पुढच्या माणसांची तोंडे मागे वळली की मागून काहीतरी येत आहे हे त्याला कळते. गाडीत काही बिघडले तर हँडलच्या थरथरीवरून समजते. आणि केळीच्या बागेच्या वळणावर तो जवळजवळ थांबतोच. शेवटी त्याने लिहिले होते, "मला ऐकू येत नाही हे मला ठाऊक आहे." आमच्या मते सारी मेख या वाक्यात आहे. त्याने न ऐकण्याची तजवीज करून ठेवली आहे. दादांनी ती केलेली नव्हती, कारण आपण ऐकत आहोत अशीच त्यांची समजूत होती.

आणि ज्यांचे कान धड आहेत त्यांचे काय? २६ एप्रिल २०१८ रोजी उत्तर प्रदेशातील कुशीनगर जिल्ह्यात विनाफाटक रेल्वे क्रॉसिंगवर शाळेच्या गाडीला आगगाडीची धडक बसली आणि तेरा मुले मरण पावली. चालकाच्या कानांत इअरफोन होते, असे त्या वेळी सांगण्यात आले. रेल्वेच्या रुळांकडेला 'सी/फा' अशी पाटी असते. पुढे फाटक आहे, शिटी वाजवा, असा तिचा अर्थ. शिटी वाजविणाऱ्याने वाजवावी. पण ऐकणाऱ्याने कानांत बोळे घातले असतील तर ती कोणासाठी? ब्रॉडगेज मार्गांवरची विनाफाटक क्रॉसिंगे २०१९ च्या आरंभापर्यंत संपविण्यात आली, हे बरे झाले. इअरफोन मात्र आमच्याच गल्लीत, स्कूटरवर, दररोज दिसतात. दादांना किल्ली देऊ नये असे ठामपणे सांगणाऱ्या पुतण्याच्या कानांतही ते असतात, हे येथे नमूद करणे आम्हांस आवश्यक वाटते.

बंद काचांच्या मोटारींचेही तेच. वातानुकूल चालू, गाणी चालू, आणि मागे रुग्णवाहिका ओरडत असते. तिला वाट न दिल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर दहा हजार रुपये दंड आहे. परंतु ऐकूच आले नाही तर वाट देणार कोण? शिवाय समोरून किंवा थेट मागून आलेला आवाज दोन्ही कानांत एकाच वेळी पोहोचतो, तेव्हा मघाचा उजव्या-डाव्याचा हिशेब निकामी ठरतो. अशा वेळी कानाच्या पाळीच्या घड्या उपयोगी पडतात. पुढून येणारा आणि मागून येणारा तीक्ष्ण आवाज त्या वेगवेगळ्या रीतीने बदलून आत पाठवितात. काच लावली की हा बारीक फरक पुष्कळसा नाहीसा होतो, आणि भोंगा ऐकणारा चालक पुढे पाहावे की मागे या घोळात पडतो.

हॉर्नविषयी लिहू लागलो तर अंक पुरणार नाही. ट्रकच्या पाठीवर 'हॉर्न ओके प्लीज' लिहिण्यास महाराष्ट्रात २०१५ साली बंदी झाली. हॉर्न वाजतच आहेत. मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी २०२० साली एका प्रयोगाची चित्रफीत प्रसिद्ध केली होती. सिग्नलला थांबलेल्यांच्या हॉर्नचा आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचे आकडे पुन्हा पहिल्यापासून सुरू. आम्हांला तो प्रयोग फार आवडला. ज्या रस्त्यावर प्रत्येक जण सदैव हॉर्न वाजवितो तेथे कोणाचाच हॉर्न कोणी ऐकत नाही, आणि त्या गोंगाटाने उद्याचे बहिरे तयार होतात ते वेगळेच.

उलट बाजूने विजेवर चालणाऱ्या गाड्या आल्या आहेत. पुतण्याच्या मित्राची तशी स्कूटर मागे येऊन उभी राहिली तरी आमच्या दारातली कोंबडीसुद्धा हलत नाही. युरोपात २०१९ पासून नव्या बनावटीच्या आणि २०२१ पासून सर्व नव्या विद्युत मोटारींना मंद वेगात कृत्रिम आवाज करणे बंधनकारक झाले. आंधळ्या पादचाऱ्यांच्या संघटनांनी ही मागणी लावून धरली होती. शांतता हवी म्हणून आपण तक्रारी करतो, आणि शांत वाहन आले तर त्याला आवाज बसवावा लागतो. पण जो कानानेच रस्ता ओलांडतो त्याच्याकडून पाहिले तर यात हसण्यासारखे काही नाही.

दादांना दोन्ही कानांना यंत्रे मिळून आता चार महिने झाले. पहिले कित्येक दिवस ते वैतागलेले होते. भांड्यांचा आवाज, कागदाचा आवाज, स्वतःच्याच चपलांचा आवाज. इतका गोंगाट केव्हापासून सुरू झाला, असे ते विचारीत. मोटारीत बसले तेव्हा वळणाच्या दिव्याची टिकटिक ऐकून त्यांनी पुतण्याला विचारले की हे काय वाजते आहे. वेदीवरची घंटी ऐकू आली त्या रविवारी त्यांनी वहिनींचा हात दाबला, असे वहिनींनी सांगितले. दादांनी सांगितले नाही. मात्र यंत्र आवाज मोठा करून देते, गेलेला कान परत देत नाही, हे डॉक्टरांनी आधीच बजावले होते. स्कूटरवर वाऱ्याचा घोंघाट यंत्रात शिरेल. आणि यंत्राचा आवाज टिपणारा भाग कानाच्या मागे बसत असल्यामुळे पाळीच्या घड्यांची मदत तेथे मिळणार नाही.

म्हणून दादांनी स्वतःच एक परीक्षा काढली आहे. संध्याकाळी केळीच्या बागेच्या वळणावर ते डोळे मिटून उभे राहतात. पुतण्या सायकल घेऊन कोठूनही येतो आणि घंटी वाजवितो. ज्या दिशेने आवाज आला असे वाटेल त्या दिशेला दादांनी हात करावयाचा. वहिनी कुंपणाशी उभ्या राहून हिशेब ठेवतात. पहिल्या आठवड्यात सहापैकी दोनदा हात बरोबर उठला. परवा सहापैकी पाचदा उठला. सहाव्या वेळी पुतण्या थेट मागून आला होता आणि दादांनी हात समोर केला.

"मागचं आरसा पाहील," दादा म्हणाले.

वहिनींनी किल्ली अजून दिलेली नाही.